खाणीने रजा दिली नाही

"माझी हकिगत वाचाल ना मातीच्या दिवशी, तेव्हा 'ती फार प्रेमळ होती' असलं काही घालू नका," मालेफाने नातीला बजावलं होतं. "पेटीत गेलेलं प्रत्येक माणूस प्रेमळच असतं. मागच्या महिन्यात त्या खोजेलालासुद्धा प्रेमळ म्हणाले, आणि त्याची बायको माझ्या शेजारी बसून नुसती खोकत होती."

"मग काय लिहू, न्खोनो?" लिनेओने विचारलं होतं. न्खोनो म्हणजे आजी.

"लिही, साखरेच्या बाबतीत चिक्कू होती. सगळ्या गावाला ठाऊक आहे. लपवून काय उपयोग?"

जानेवारीतल्या दुपारी दगडी भिंतीला पाठ टेकून, पाय उन्हात पसरून मालेफा सांगायची आणि लिनेओ शाळेच्या वहीत उतरवून घ्यायची. लिनेओ तिथल्याच शाळेत मास्तरीण होती. आजीच्याच हाताखाली वाढलेली. मालेफाच्या पोटातलं दुखणं तोवर बळावलं होतं. काचास नेक शहरातल्या डॉक्टरांनी तोंडाने काही सांगितलं नव्हतं, फक्त औषधाच्या गोळ्या दुप्पट केल्या होत्या, आणि तेवढ्यावरून ती समजून चुकली होती. आपल्यामागे कोणी आपल्याबद्दल काहीबाही वाचावं हे तिला चालणार नव्हतं. उभ्या आयुष्यात तिने गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं लिहिली आणि वाचली होती. कागदावर काय काय खपतं ते तिला चांगलं माहीत होतं.

तिचा नवरा मोखेले त्या दुपारी मेंढवाड्याच्या भिंतीचे दगड लावत असायचा. बायकांचं बोलणं म्हणून त्याने कधी कान दिला नाही.

एप्रिलमध्ये, ज्वारी कापणीला आली तेव्हा, मालेफा गेली. शनिवारी माती द्यायची ठरली. बुधवारी घरची माणसं मोठ्या खोपीत जमली आणि लिनेओने वही उघडली. सगळ्यांसमोर वाचण्याआधी नावं, सालं बरोबर आहेत का ते घरात तपासून घ्यायची रीत आहे. मोखेले पेंढ्याच्या बैठकीवर, खांद्यावरून कांबळं ओढून बसला होता. त्याच्या शेजारी मुलगा लेफा. तो राजधानीत रस्त्यांच्या खात्यात मुकादम होता आणि आदल्या दिवशीच आला होता.

लिनेओ वाचू लागली. सेन्कू नदीपलीकडे मिशनच्या बागेत काम करणाऱ्या माळ्याच्या घरी जन्म. माहेरचं नाव थोलोआना. सातवीपर्यंत शाळा. एकोणिसाव्या वर्षी हा-मोशाबे गावात सून म्हणून आली; सासरच्यांनी नाव ठेवलं मालेफा, म्हणजे लेफाची आई. तेव्हा लेफाचा पत्ताही नव्हता. "पोराच्या आधी पोराचं नाव आलं, म्हणून मग पोराला यावंच लागलं," असं तिने सांगितलं होतं, आणि लिनेओने ते तसंच लिहिलं होतं. खोपीत थोडं हसू झालं. लेफाने डोळे पुसले.

"एकोणीसशे एकोणऐंशीच्या जुलैत माझी मुलगी लिम्फो गोवराने गेली," लिनेओ वाचत होती. "ती चार वर्षांची होती. तिचे वडील खाणीवर होते. खाणीने त्यांना रजा दिली नाही. मी आणि शेजारच्या मापोन्त्सोने मिळून तिला माती दिली."

लेफाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय माणसं असतील ती," तो म्हणाला. "पोटच्या पोरीच्या मातीला बापाला सोडलं नाही. मला आठवतं, न्ताते. मी पाच वर्षांचा होतो. आई सांगायची, रडू नको, तुझे वडील तिकडे एकटेच रडत असतील." न्ताते म्हणजे बाबा; गावात कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषालाही तसंच म्हणतात.

मोखेलेला खोकला आला. खरा आला की त्याने आणला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो उठून बाहेर गेला आणि वाचन संपेपर्यंत मेंढवाड्याशी उभा राहिला.

खाणीने रजा नाकारली नव्हती. त्याने मागितलीच नव्हती.

त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता. सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत पाचवं वर्ष. गुरुवारी तार आली. मोखेलेला वाचता येत नव्हतं. लहानपण डोंगरावर गुरांमागे गेलेलं, शाळेत जायच्या त्या पोरी. म्हणून तार त्याच खोलीत राहणाऱ्या पाकीने वाचली. पाकी पलीकडच्या खोऱ्यातला, तीन यत्ता शिकलेला. लिम्फो गेली, या. तीन शब्द.

पोटचं मूल गेलं तर चार दिवसांची रजा मिळायची. माणसं जात होती, येत होती. मोखेले शुक्रवारी सकाळी कचेरीच्या रांगेत उभाही राहिला. पुढे नऊ माणसं होती. रविवारी नाचाची चढाओढ होती, खाणीच्या दुसऱ्या शाफ्टच्या लोकांशी. तीन वर्षं तो मागच्या ओळीत नाचला होता आणि त्याच साली लोकांनी त्याला म्होरक्या केलं होतं. त्याने पाय उचलला की चाळीस पाय उठायचे. घरी त्याच्या एका शब्दावर बकरीही वळत नसे. रांग दोन माणसांनी पुढे सरकली आणि मोखेले रांगेतून बाहेर पडला.

नंतर त्याने स्वतःशी हिशेब मांडला: सीमेपर्यंत बस, मग दुसरी बस, मग दिवसभर घोड्यावर. पोचेपर्यंत माती होऊन गेलेलीच असती. हिशेब चुकीचा नव्हता. पण रांग सोडताना त्याच्या मनात तो नव्हता. तेव्हा मनात फक्त रविवार होता.

रविवारी तो नाचला. आयुष्यात कधी नाचला नाही असा नाचला. बक्षीस मिळालं एक भारी कांबळं, तपकिरी, कणसांच्या नक्षीचं. सोमवारी त्याने पाकीला पत्र लिहायला बसवलं.

"लिही, खाणीने रजा दिली नाही."

पाकीचा हात थांबला. "असंच लिहू?"

"असंच लिही."

नाताळात घरी आल्यावर त्याने ते कांबळं मालेफाच्या खांद्यावर टाकलं. "जड आहे," एवढंच ती म्हणाली. आठवड्याच्या आत ते कांबळं शेजारच्या मापोन्त्सोच्या अंगावर दिसलं. मोखेलेने विहिरीवर चार बायकांदेखत तिला झापलं. मी छाती फोडून जमिनीच्या पोटातून आणतो आणि तू वाटत सुटतेस? मालेफाने घागर डोक्यावर घेतली. "तिचं फाटलं होतं," ती म्हणाली आणि चालू लागली.

लिम्फोला कुठे पुरलं, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने दाखवलं असतं, आणि दाखवलं असतं तर तिथे उभं राहावं लागलं असतं. त्या वर्षी नाही विचारलं, मग पुढच्या वर्षी विचारणं अवघड झालं. नव्व्याण्णव साली खाणीने त्याला छातीतल्या धुळीसकट घरी धाडलं, तोवर विचारण्याची वेळ कधीच टळून गेली होती. पुढची वीस वर्षं तो त्याच बाईच्या हातचा पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि पालेभाजी जेवला. दर महिन्याला ती त्याला दोन तास चालवत दवाखान्यात न्यायची. चढावर तो थांबला की तीही थांबायची, आणि आपण दमलो असं दाखवायची.

बुधवारी मेंढवाड्याशी उभं राहून त्याला वाटलं ते असं: बरं झालं. ती विश्वास ठेवूनच गेली. लगेच त्याला स्वतःची किळस आली. बायकोची पेटी अजून घरीसुद्धा आली नाही आणि आपण सुटलो म्हणून श्वास सोडतो आहोत.

गुरुवारी तो मापोन्त्सोकडे जळण पोचवायला गेला. मातीसाठीची ज्वारीची दारू तिच्या अंगणात शिजत होती. मापोन्त्सो मालेफाची गेल्या पंचेचाळीस वर्षांची मैत्रीण. आता कमरेत वाकलेली, पण पिंपातला लांब दांडा अजून स्वतःच फिरवणारी. बुधवारी ती खोपीत नव्हती.

"तिने तुमचं नाव घेतलंय हकिगतीत," मोखेले लाकडं उतरवत म्हणाला. गप्प राहिला असता तर चाललं असतं. पण तो बोलला.

"कशाबद्दल?"

"लिम्फोच्या वेळचं. खाणीने रजा दिली नाही, आणि तिने न् तुम्ही…"

दांडा थांबला.

"असं सांगितलं तिने? खाणीने रजा दिली नाही?"

"हो."

मापोन्त्सोने दांडा पिंपाच्या कडेला टेकवला, हात पुसले आणि त्याच्याकडे बघत राहिली. "धन्य आहे त्या बाईची," ती म्हणाली. "न्ताते मोखेले, तिला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आता माझ्या तोंडून वदवून घेता का? पाकी आला होता. त्याच साली, सप्टेंबरात. दगड पडून पाय मोडला म्हणून खाणीने घरी धाडलेला. कुबड्या घेऊन खिंड चढून आला. उंबऱ्यात बसला न् म्हणाला, बाई, ते पत्र माझ्या हाताने लिहिलंय, मला ते पचत नाही. सगळं सांगितलं त्याने. रांगेचं, नाचाचं. मी तिथेच होते, मका सोलत."

मोखेले लाकडांच्या मोळीवर बसला.

"मग ती काय म्हणाली?"

"त्याला आंबील दिली. पोचवायला बांधापर्यंत गेली. मग आम्ही भाजी खुडायला गेलो. दोन वाफे झाल्यावर म्हणाली, 'नाचत होता.' तेवढंच. चाळीस वर्षांत आपणहून पुन्हा नाही."

"आणि कांबळं?"

"म्हणाली, चिंध्या कर, नाहीतर वापर, माझ्या घरात नको. मी वापरलं. थंडीला काय कळतं ते कुठून आलंय." मापोन्त्सोने पुन्हा दांडा हाती घेतला. "जुलैच्या थंडीने जमीन गोठलेली होती, न्ताते. गावात तीन म्हातारे न् बाकी गुराखी पोरं. बायकांनी खड्डा खणायचा नसतो, पण म्हाताऱ्यांची पहार आत जाईना. मग आम्ही दोघींनी शेणी पेटवून माती ऊन केली आणि खणलं. हाताची साल गेली होती तिच्या. नाताळात तुम्ही आलात तेव्हा तळहातांवर व्रण होते. पाहिले असतील तुम्ही."

त्याने पाहिले नव्हते. किंवा पाहिले असतील तर विचारलं नव्हतं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते त्याला ठरवता आलं नाही.

शुक्रवारी गाडी पेटी घेऊन आली. बायका गाणी म्हणत सामोऱ्या गेल्या. त्या गडबडीत मोखेलेने लिनेओला चुलीमागे गाठलं.

"ते एक वाक्य काढून टाक," तो म्हणाला. "रजेचं."

"का?"

इथे त्याला सांगता आलं असतं. नात एकटी होती, त्याच्यावर माया करणारी होती.

"लांबतंय," तो म्हणाला.

"लांबतंय? पाच शब्द, न्ताते." लिनेओ त्याच्याकडे नवलाने बघत होती. "न्खोनोने मला शपथ घातलीय, एक शब्द हलवायचा नाही. तेवढं पान तर तिने दोनदा वाचून घेतलं. तुम्हाला त्रास होतो का ते ऐकताना?"

"होतो."

"मग ऐकू नका. त्या वेळी डोळे मिटून घ्या," ती म्हणाली आणि मऊपणाने त्याच्या कांबळ्याची पिन नीट केली.

शनिवारी अंगण भरून गेलं. पेटी तंबूखाली, शेजारी चर्चच्या प्रार्थना-मंडळातल्या बायका पांढऱ्या कॉलरच्या गणवेशात, मागे पुरुष कांबळी लपेटून. शेजाऱ्यांतर्फे एकजण बोलला, शाळेतर्फे एकजण. मग लिनेओ वही घेऊन उभी राहिली. साखरेच्या वाक्याला अंगण हसलं. मागून कोणी म्हणालं, "खरं आहे, एक चमचाच द्यायची, तोही सपाट." पेटीजवळ बसलेल्या मोखेलेलाही क्षणभर हसू आलं.

मग जुलै आला. लिम्फो आली. "खाणीने त्यांना रजा दिली नाही."

अंगणातून एक उसासा गेला. बायकांच्या माना हलल्या. मागच्या रांगेतला एक जुना खाणकामगार मोठ्याने म्हणाला, "त्या खाणींनी आपल्याला माणूस ठेवलं नाही." पुष्कळजण मोखेलेकडे बघत होते, आणि त्या सगळ्या नजरांत दया होती.

त्याला ती दया सोसवेना. नंतर खूप दिवस त्याने स्वतःला विचारलं, की तो खरेपणापायी उठला की केवळ त्या नजरा सहन होईनात म्हणून. तो उठला एवढं खरं.

"दिली असती," तो म्हणाला.

लिनेओ थांबली.

"रजा दिली असती. मी मागितली नाही. रविवारी नाच होता. मी नाचायला राहिलो."

मोखेलेचा चुलतभाऊ पुढे झाला, त्याने त्याचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बसा, न्ताते. दुःखाने माणूस काहीही बोलतं. बसा." वाट अशी उघडून दिलेली होती. त्याने फक्त बसायचं होतं. गावाने ते दुःखाच्या खाती घालून सोडून दिलं असतं.

"दुःखाने नाही," मोखेले म्हणाला. "मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. कांबळं मिळालं होतं."

मग तो बसला. धर्मगुरूंनी लिनेओला खूण केली. ती पुढे वाचू लागली, पण ऐकत कोणीच नव्हतं. मागे कुजबुज चालली होती. मालेफाने कुणाकुणाची पत्रं लिहिली, नवरे नसलेल्या गावात खोपींची छपरं कशी शाकारली, उतारावर पीचची फळं कशी वाळवली, नातवंडांना अक्षरं चुलीच्या राखेत कशी गिरवायला लावली, ती सगळी पानं तशीच गेली. तिच्या आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यावरून उडून गेली. लेफा जमिनीकडे बघत होता.

कबरीवर पुरुषांनी पाळीपाळीने फावडं घेतलं. लेफा बराच वेळ एकटाच माती ओढत राहिला. थांबला तेव्हा मोखेलेने हात पुढे केला. लेफाने फावडं त्याच्या हातावरून पलीकडे, दुसऱ्याच माणसाला दिलं. हे सगळ्यांनी पाहिलं. मोखेलेने हात कांबळ्यात घेतला.

जेवणं झाली. बैल कापला होता, दारू चांगली उतरली होती, पण माणसं लवकर पांगली. मापोन्त्सो भांडी गोळा करत होती. ती त्याच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात, पण दात ओठ खाऊन बोलली.

"झालं समाधान?"

"खरं सांगावंसं वाटलं."

"कुणाला? तिला माहीत होतं. मला माहीत होतं. मग कुणाला सांगितलंत? त्या पोराला?" तिने लेफाच्या गाडीकडे हनुवटीने दाखवलं. "मी विचारलं होतं तिला एकदा, गप्प का बसतेस म्हणून. म्हणाली, माझा नवरा कसा आहे ते मला कळलं तेवढं पुरे, लेफाला बाप असू दे. चाळीस वर्षं तिने ते डोक्यावरून खाली ठेवलं नाही. मरताना नीट उतरवून ठेवलं, तुमच्यासाठी न् त्याच्यासाठी. तुम्ही लाथ मारलीत. बायकोच्या मातीलाही स्वतःचंच घोडं पुढे दामटलंत, न्ताते मोखेले. आज तिचा दिवस होता."

त्याला वाटलं होतं की बोलल्यावर तरी आतलं ओझं उतरेल. उतरलं काहीच नाही, त्यावर आणखी एक चढलं.

लेफा शुद्धीच्या दिवसापर्यंतही थांबला नाही. त्याच संध्याकाळी गाडी काढून गेला. जाताना त्याने बापाशी हात मिळवला नाही.

पुढे लोकांचं वागणं मोखेलेला जास्त जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने घेतल्या असत्या. पण दारूच्या अड्ड्यावर दोन-तीन म्हातारे त्याला म्हणाले, "छातीचं काम केलंत. आमच्याही पोटात असलं पुष्कळ आहे, पण आमची नाही छाती." एकाने त्याच्यासाठी दारूचा मगही भरला. शाबासकी. त्या मुलीच्या नावावर पहिल्यांदा बक्षीस घेतलं, आता दुसऱ्यांदा शाबासकी. तो भरलेला मग तिथेच ठेवून उठला आणि पुन्हा त्या बाजूला गेला नाही. बाहीवर शोकाची काळी पट्टी लावून मेंढवाड्याच्या भिंतीत दगड लावत राहिला.

लिनेओ त्याच्याशी बोलत होती, पण मोजकं. पापा वाढायची, गोळ्या काढून द्यायची. एक दिवस त्याने तिला विचारलं, "पुढे काय लिहिलं होतं गं तिने? त्यानंतर?"

"तुम्ही ऐकलं नाहीत?"

"कोणीच ऐकलं नाही. माझ्यामुळे."

तिने वही आणली. अंगणात, उन्हात बसून तिने जुलैच्या पुढचं सगळं वाचलं. ऐकताना त्याला कळत गेलं की ज्या घरात तो इतकी वर्षं राहिला, त्यातलं त्याला किती थोडं ठाऊक आहे. ब्याऐंशीच्या दुष्काळात तिने डोक्यावर दगड वाहून सरकारी रस्ता बांधला होता आणि त्या मजुरीतून बी-बियाणं मिळवलं होतं. तीन वेळा तिला शाळेत शिकवायला बोलावलं होतं, आणि तीन वेळा तिने नाही म्हटलं, कारण गुरं बघायला कोणी नव्हतं. ह्यातलं एक अक्षर कुठल्या पत्रात त्याला आलं नव्हतं. की आलं होतं, आणि खोलीतलं कोणी वाचून दाखवत असताना त्याचं लक्ष नव्हतं?

त्याच्याबद्दल शेवटी एकच वाक्य होतं. "माझ्या नवऱ्याने लावलेली दगडी भिंत मी कधी पडलेली पाहिली नाही."

लिनेओ थांबली. त्याने तोंड फिरवलं. एवढं एकच खरं त्याच्या बाजूने सांगण्यासारखं तिला सापडलं होतं, आणि तिने ते शोधून काढलं होतं.

"हे सगळ्यांना ऐकवायला हवं," तो म्हणाला.

"मीही तेच ठरवलंय," लिनेओ म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

गुरुवारी प्रार्थना-मंडळाच्या बैठकीत तिने हकिगत पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. मोखेले मेंढ्या हाकत खालच्या वाटेने चालला होता. चर्चच्या पत्र्याच्या भिंतीआडून बायकांचं हसणं ऐकू आलं, मग मापोन्त्सोचा आवाज, "सपाट चमचा," आणि पुन्हा हसणं. मग बराच वेळ लिनेओचा एकटीचा आवाज. मग गाणं. तो वाटेत थांबला नाही. थांबून ऐकायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं, आणि मेंढ्याही पुढे गेल्या होत्या.

जुलैत पहिलं बर्फ पडून गेल्यावर लेफा आला. आगाऊ निरोप नव्हता. गाडीत सिमेंटच्या दोन गोण्या आणि एक कोरलेला लहान दगड होता.

"लिम्फोला दगड लावायचाय," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. घरात आला नाही. "आईच्या दगडाची वेळ वर्षानंतर. हिचा चाळीस वर्षं राहिलाय."

"मी येऊ?" मोखेलेने विचारलं.

लेफाने दोन बादल्या काढल्या आणि एक त्याच्यासमोर खाली ठेवली.

कबरस्तान उतारावर होतं. जुन्या कबरी म्हणजे गवतात बुडालेले दगडांचे ढीग, एकासारखा एक. मोखेले कडेला उभा राहिला. यातला कुठला, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक नाही हे लेफाला दिसत होतं. लेफा इकडेतिकडे न बघता तिसऱ्या ओळीत गेला, खालून दुसऱ्या ढिगापाशी थांबला आणि गुडघ्यावर बसून गवत उपटू लागला.

"तुला कसं लक्षात राहिलं?" मोखेलेच्या तोंडून गेलं.

"शेणी मी वाहिल्या होत्या," लेफा म्हणाला.

मोखेलेने ओढ्यावरून पाणी आणलं. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला धाप लागून वाटेत बसावं लागलं. लेफा आला नाही, पण काम थांबवून तो उठेपर्यंत त्या दिशेने बघत राहिला. मग दोघांनी सिमेंट कालवलं. ढिगाचे दगड उचलून मोखेलेने नीट रचायला घेतले, मोठे खाली, लहान सांध्यांत. हात आपोआप चालत होते. दोन-तीन तास असे गेले.

"पाणी जास्त झालं," लेफा एकदा म्हणाला.

"हो," मोखेले म्हणाला. "थोडी वाळू घाल."

लेफाने वाळू घातली.